फटफटीचा परवाना
परभणी जिल्ह्यांतील पालमच्या तरुणाला आज फटफटी हांकावयाची, तर आधीं शिकाऊ परवाना, मग निदान ३० दिवसांचा सराव आणि शेवटीं परीक्षा, हा क्रम अटळ आहे. आरंभीं असें नव्हतें. ब्रिटनच्या १९०३ च्या कायद्यान्वयें चौदा वर्षांच्या मुलालाही पांच शिलिंग भरून फटफटीचा परवाना मिळे. परीक्षेची सक्ती झाली ती १९३५ सालीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार कायद्यानें परीक्षा ही परवान्याची अटच केली. पालम तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य भारतांत सामील झालें. आज तेथें लागू असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. शुल्कानें सरकारचा हिशेब पुरा होतो. वेळीं थांबतां व वळतां येतें कीं नाहीं, ही परीक्षा मात्र रस्त्यानें पायीं जाणाऱ्या अनोळखी माणसासाठीं असते.