गोलघुमट : सज्जा मुळात कशासाठी?

अंड्याचे टरफल, कासवाची पाठ, पालथी घातलेली कढई. घुमटाचा आकार माणसाच्या अवतीभवती पहिल्यापासून होता. अवघड होते ते हा आकार दगडविटांत उभारून टिकवणे.

कारण घुमटाचे वजन सरळ खाली उतरत नाही. तळाशी ते बाहेर रेटा देते आणि भिंती फाकवू पाहते. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा, इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेला घुमट भूकंपांच्या हादऱ्यांनंतर ५५८ मध्ये कोसळला. नवा घुमट मुद्दाम अधिक उंच बांधला गेला. घुमट जितका उभट, तितका बाहेरचा रेटा कमी.

विजापूरच्या गोलघुमटात याच रेट्याला वेगळे उत्तर सापडते. ही मुहम्मद आदिलशाहाची (कारकीर्द १६२७–१६५६) कबर. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते, तोच हा सुलतान. वडिलांच्या इब्राहिम रौज्यात कोरीवकामाची परिसीमा झाली होती. मुलाने नक्षी जवळपास सोडून दिली आणि सारा भर आकारमानावर ठेवला.

आतले दालन चौरस, प्रत्येक बाजू सुमारे १३५ फूट. एकावर एक तिरप्या ठेवलेल्या दोन चौरसांच्या रेषांवर आठ कमानी उभारल्या आहेत. एकमेकींना छेदत त्या आत झुकतात आणि वर सुमारे ९७ फुटांचे गोल तोंड उरते. घुमटाचा आतला व्यास मात्र १२४ फूट! म्हणजे घुमट या तोंडाच्या काठावर बसलेला नाही. तो मागे सरकवलेला आहे, आणि मधल्या जागेत १२ फुटांहून रुंद सज्जा सुटला आहे.

कुजबुज पलीकडे ऐकू येते म्हणून पर्यटक ज्यावर गर्दी करतात, तो हाच सज्जा. (आरडाओरडा करणाऱ्यांना कुजबुज कधीच ऐकू येत नाही, हे वेगळे.) आत झुकलेले हे प्रचंड बांधकाम घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला उलट दिशेने तोलते, असे एकोणिसाव्या शतकातील स्थापत्य-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी मांडले. प्रतिध्वनीचे कौतुक खुशाल करावे. पण या इमारतीची खरी करामत पायांखाली आहे.

रोमच्या पँथिऑनचा घुमट व्यासाने मोठा, सुमारे १४२ फूट. तरीही त्याखालची वर्तुळाकार जागा १५,८०० चौरस फुटांच्या आसपास भरते. विजापूरच्या चौरस दालनाची १८,००० हून अधिक.

एवढ्या दालनाच्या मध्यभागी एका चौथऱ्यावर दिसतात त्या प्रतीकात्मक कबरी. सुलतानाचे दफन खाली तळघरात आहे.