ऋण काढून सण : इंग्लंडांतील फुटबॉल-संघांची कहाणी

१८८८ सालीं इंग्लंडांत फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हां तींत बारा संघ होते. त्यांपैकीं ॲक्रिंग्टन हा एकच संघ १८९६ सालीं लयास गेला. उरलेले अकरा आजहि मैदानावर आहेत. त्या काळच्या गिरण्या व पेढ्या यांपैकीं किती शिल्लक राहिल्या, याचा विचार केला म्हणजे ही गोष्ट विलक्षण वाटते. बरें, हे संघ काटकसरीनें वागले म्हणून टिकले म्हणावें, तर तसेंहि नाहीं. यांतीलच बोल्टन २०१९ मध्यें व डर्बी २०२१ मध्यें कर्जापायीं प्रशासकाच्या हातीं गेले होते. मग कर्जांत बुडूनहि हे संघ नाहींसे कां होत नाहींत?

पहिला उपाय जुना आहे : श्रीमंत आश्रयदाता. मँचेस्टरच्या रेल्वे-कामगारांनीं १८७८ सालीं काढलेला न्यूटन हीथ हा संघ १९०२ सालीं २,६७० पौंडांच्या कर्जापायीं मोडकळीस आला. तेव्हां जॉन हेन्री डेव्हीज नांवाच्या बिअरच्या कारखानदारानें व आणखी तिघांनीं प्रत्येकीं ५०० पौंड घालून तो सावरला. त्याचें नांव मँचेस्टर युनायटेड ठेवण्यांत आलें व १९०८ सालीं तो लीगचा विजेता ठरला.

दुसरा उपाय म्हणजे उद्यांची मिळकत आज गहाण टाकणें. लीड्स संघानें २००१ सालीं पुढील तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंड उभे केले. खेळाडूंवर पैसा ओतला होता तो युरोपांतील मोठ्या स्पर्धेंत दरवर्षीं स्थान मिळेल या भरंवशावर. तें स्थान हुकलें आणि हिशेब कोसळला. उत्तम खेळाडू विकावे लागले, २००४ सालीं संघ वरच्या श्रेणींतून घसरला, त्याच वर्षीं मैदानहि विकलें गेलें. पुन्हा वर येण्यास २०२० साल उजाडावें लागलें. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें शहाणपण यॉर्कशरलाहि महाग पडलें तें असें.

तिसरा उपाय कायद्याचा. प्रशासक नेमला गेला म्हणजे धनकोंना रुपयास कांहीं आणे घेऊन समाधान मानावें लागतें. पण लीगचा नियम असा कीं, खेळाडूंचें वेतन व इतर संघांचें देणें पुरतें फेडल्यावांचून लीगमध्यें स्थान राहत नाहीं. म्हणजे झळ लागते ती सरकारी करखात्यास आणि गांवांतील किरकोळ व्यापाऱ्यांस! २०१० सालीं पोर्टस्मथच्या धनकोंच्या यादींत सेंट जॉन रुग्णवाहिका-सेवेचेंहि नांव होतें. करखात्यानें या नियमाविरुद्ध न्यायालय गांठलें, परंतु २०१२ सालीं त्याची हार झाली.

या सर्व उपायांच्या मुळाशीं एकच गोष्ट आम्हांस दिसते. वाणी महागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. संघ हरला, दिवाळखोर झाला, तरी त्याचा चाहता दुसऱ्या संघाकडे जात नाहीं. ही निष्ठाच संघाची खरी मालमत्ता होय. २०१३ सालीं पोर्टस्मथच्या चाहत्यांनीं वर्गणी जमवून आपला संघ विकत घेतला. उलट २००५ सालीं ग्लेझर कुटुंबानें मँचेस्टर युनायटेड घेतला तो बव्हंशीं कर्जावर, आणि तें कर्ज त्या ऋणमुक्त संघाच्याच माथीं मारलें. चाहते तिकिटें घेतच राहणार, या खात्रीवर तें फेडण्याची भिस्त होती.

पण निष्ठेलाहि मर्यादा आहे. बोल्टनचाच शेजारी बरी हा जुना संघ २०१९ सालीं लीगमधून काढला गेला, तेव्हां चाहत्यांचे अश्रु त्यास वांचवूं शकले नाहींत. पार्लमेंटनें २०२५ सालीं कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, हें म्हणूनच योग्य झालें. जी वस्तु गांवाची आहे, तिच्यावर कर्ज काढतांना गांवास विचारावयास हवें. कारण सण कोणी का करीना, ऋण अखेर गांवच फेडतो.