सेन्सॉरची कात्री आणि पडद्यावरची स्त्री : फ्रँकोच्या काळातील स्पॅनिश सिनेमा

१/ जॉन फोर्डचा 'मोगॅम्बो' (१९५३) स्पेनमध्ये आला, तेव्हा सेन्सॉरपुढे पेच उभा राहिला. त्यातील विवाहित स्त्री परपुरुषाच्या प्रेमात पडते. उपाय म्हणून डबिंगमध्ये पती-पत्नीला भाऊ-बहीण केले गेले. व्यभिचार टळला, पण पडद्यावरची जवळीक तशीच राहिली आणि आता ती भावंडांमधली दिसू लागली!

२/ हा केवळ विनोद नव्हता. यादवी युद्ध जिंकताच, १९३९ मध्ये, फ्रँको राजवटीने प्रजासत्ताकाचा १९३२ चा घटस्फोट कायदा रद्द केला. नोकरी करण्यासाठी किंवा बँकेत खाते उघडण्यासाठी विवाहितेला पतीची संमती लागे. ही पद्धत १९७५ पर्यंत टिकली. कायद्यातली आज्ञाधारक पत्नीच पडद्यावर दिसावी, असा सत्तेचा आग्रह होता.

३/ तरीही काही दिग्दर्शकांनी फटी शोधल्या. हुआन आन्तोनिओ बार्देमच्या 'काये मायोर' (१९५६) मध्ये पस्तिशीची अविवाहित इसाबेल आहे. लहान शहरातले रिकामटेकडे पुरुष थट्टा म्हणून एका मित्राला तिच्याशी प्रेमाचे नाटक करायला लावतात.

४/ सत्य कळल्यावर शहर सोडण्याची संधी इसाबेलपुढे येते. ती गाडीत बसत नाही. पावसात, त्याच रस्त्याने, लोकांच्या नजरा झेलत घरी परतते. लग्न हीच स्त्रीची एकमेव ओळख मानणाऱ्या समाजावर याहून कठोर टीका क्वचितच झाली असेल. चित्रीकरण चालू असतानाच बार्देमला अटक झाली होती.

५/ लुइस बुन्युएलच्या 'विरिदियाना'ची (१९६१) नायिका संन्यासिनी होण्याच्या उंबरठ्यावर असते. मूळ शेवटात ती रात्री नात्यातील एका तरुणाच्या खोलीत शिरते. सेन्सॉरने हरकत घेतली. मग बुन्युएलने तो तरुण, त्याची प्रेयसी असलेली मोलकरीण आणि विरिदियाना यांना पत्ते खेळायला बसवले. नवा शेवट अधिकच सूचक ठरला!

६/ चित्रपटाला कान महोत्सवात 'पाम दोर' मिळाला. व्हॅटिकनच्या मुखपत्राने निषेध करताच स्पेनने त्यावर बंदी घातली. मायदेशी तो प्रदर्शित झाला १९७७ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

७/ मात्र या सर्व स्त्रिया पुरुषांनी रंगवलेल्या होत्या. कॅमेऱ्यामागे स्त्रिया मोजक्याच. अभिनेत्री आना मारिस्काल हिने फ्रँकोच्याच कथेवरील 'रासा' (१९४२) मध्ये काम केले होते. पुढे ती स्वतः दिग्दर्शिका झाली. मिगेल देलिबेसच्या कादंबरीवरील तिचा 'एल कामिनो' (१९६३) आज मोलाचा मानला जातो. त्या काळी त्याला धड प्रदर्शनही लाभले नाही.

८/ येथे सेन्सॉरशिपचे दोन चेहरे दिसतात. कापलेल्या दृश्याची गोष्ट पुढे रंगवून सांगितली जाते. बंदी घातलेला चित्रपट दंतकथा होतो. परंतु ज्या चित्रपटाला पडदाच मिळत नाही, त्याच्यासाठी कोणी भांडतही नाही. 'विरिदियाना'ला शत्रू होते, म्हणून ती लक्षात राहिली. आना मारिस्कालच्या वाट्याला आली ती उपेक्षा. इतिहास वाचताना कात्रीच्या खुणांसोबत अशा मोकळ्या जागाही वाचाव्या लागतात.