दीडशे मर्सिडीज आणि एक नहर

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (तेव्हा नाव तेच होतं) देशभरातल्या पेपरांत झळकलं. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. बिल साधारण ६५ कोटी. 'मागास मराठवाडा' म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं, आणि खोटं नव्हतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागे सुटे भाग बनवणारे आले, आणि शेतावरची पोरं शिफ्टला जायला लागली.

फक्त त्या गाड्या ज्या गल्ल्यांमधून घरी गेल्या, तिथल्या नळाला रोज पाणी येत नव्हतं. आजही पाण्याचा वार लक्षात ठेवावा लागतो.

पैसा आला की आयुष्य वाढतं का? १९७५ मध्ये सॅम्युअल प्रेस्टन या अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञाने देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान एकाच आलेखावर मांडलं. गरीब देशांत थोड्या उत्पन्नानेही आयुष्य झपकन वाढतं, पुढे रेघ सपाट होत जाते. पण खरी गंमत वेगळी होती. १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत ती अख्खी रेघच वर सरकली होती. म्हणजे उत्पन्न तेवढंच, आयुष्य जास्त. जगाचं आयुर्मान जेवढं वाढलं, त्यातला ७५ ते ९० टक्के वाटा उत्पन्नाबाहेरच्या कारणांचा असावा, असा त्याचा अंदाज. लसी, डासांवरची फवारणी, स्वच्छता, पाणी.

पाण्याचं म्हणाल तर हे शहर वसलंच त्यावर. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीत आणलं. ते दवाखान्याच्या हिशोबात कुणी धरत नाही. धरायला हवं.

दुसरं उदाहरण शेजारच्या नगर जिल्ह्यातलं, आणि माझ्या मते जास्त बोलकं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोनच वर्षांत ७२ चा दुष्काळ. म्हणजे उत्पन्न वाढायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, शिकवलं: बाळाचं वजन करणं, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी पाजणं, स्वच्छ हाताने बाळंतपण करणं. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले, मग पाण्यासाठी सगळ्यांनाच तिथे यावं लागलं. प्रकल्पाच्या नोंदीत १९७१ ला हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ ला ५२ दिसतो.

आपल्याकडे १९५६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सगळ्यांची 'घाटी'. मराठवाड्यातून, खानदेशातून, बुलढाण्यातून माणसं एसटीने तिथे येतात, व्हरांड्यात नातेवाईक भाकरी सोडून बसलेले असतात. हाताबाहेर गेलेलं दुखणं तिथे पोचतं. ते सुरू झालेलं असतं गावात. सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०१४-१५ मध्ये जीडीपीच्या १.१३ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ झाला. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के म्हटलं होतं. उरलेल्यातलं बरंचसं आपल्या खिशातून जातं, नाहीतर एखादं वावर विकून.

आणि नळाला पाणी उशिरा येतं म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मर्सिडीजवाल्याच्या बंगल्यातही जमिनीखाली टाकी असते, आणि तिचं झाकण दर वेळी नीट बसतंच असं नाही.