निजामिया वेधशाळा आणि ताऱ्यांची मोजणी

श्रोतेहो, आपला जालना ज्या मुलखांत आहे, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानीनें आकाशाच्या मोजणींत उचललेला वांटा फारसा कोणास ठाऊक नाहीं.

१८८७ सालीं पॅरिसच्या परिषदेनें सर्व आकाशाचीं छायाचित्रें घेऊन ताऱ्यांची सूचि करण्याचें ठरविलें व आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांस वांटून दिले. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा, म्हणजे व्याधाच्या ताऱ्याखालचा, पट्टा चिलींतील सांतियागोकडे होता. तेथें तो तडीस गेला नाहीं. नबाब जफरजंग यांनीं १९०१ मध्यें स्थापिलेली निजामिया वेधशाळा १९०८ सालीं सरकारकडे आली आणि तिनें हें काम पत्करिलें. काचांवर छायाचित्रें घ्यावयाचीं, मग सूक्ष्मदर्शकाखालीं एकेका ताऱ्याचें स्थान मोजावयाचें, असा हा उद्योग. टी. पी. भास्करन् यांच्या कारकीर्दींत लाखों तारे मोजले गेले.

याचा उपयोग काय? तारे इतके दूर कीं, त्यांचें सरकणें आपल्या डोळ्यांस कळत नाहीं. जुनें स्थान नोंदलेलें असेल, तरच नव्या स्थानावरून गति काढितां येते. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचींत सुमारें २५ लाख ताऱ्यांची गति काढितांना उपग्रहाच्या मापांशेजारीं याच जुन्या नोंदी ठेवाव्या लागल्या.

आतां त्याच चिलींत रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२० कोटी बिंदूंचें एकेक चित्र घेतो व मोजणी यंत्रें करितात. परंतु शंभर वर्षांपूर्वीं ते तारे कोठें होते, हें त्या कॅमेऱ्यास दिसणार नाहीं. त्यासाठीं हैदराबादच्या गणकांकडेच जावें लागतें.