‘योगायोगाने शोध लागला’ असं लिहिण्याआधी: बोटॉक्स, आठ्या आणि माझं खोडलेलं वाक्य

प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मी एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने लिहिलं होतं: ‘१९८७ साली व्हँकुव्हरमध्ये योगायोगाने बोटॉक्सचा सुरकुत्यांवरचा उपयोग सापडला.’ गाईड मॅडमनी तिथेच थांबवलं. ‘योगायोग म्हणतेस ना, मग तो १९२७ साली का नाही झाला?’

मला उत्तर देता आलं नाही. आजची पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. वैद्यकाच्या इतिहासावर काम करायचा विचार असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी कुणीतरी विचारणारच.

विषय कुठून आला

नागपुरात रामदासपेठेतून धंतोलीकडे जाताना त्वचेच्या क्लिनिकच्या पाट्या मोजायला लागलं की कंटाळा येतो. पण माझ्यासाठी विषय सुरू झाला घरातून. माझ्या मावशीच्या पापण्या आपोआप घट्ट मिटायच्या, रस्ता ओलांडणंही कठीण व्हायचं. या आजाराला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. डॉक्टरांनी डोळ्यांभोवती बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं दिली आणि तिला पुन्हा नीट दिसायला लागलं. शेजारच्या काकूंना मात्र ‘बोटॉक्स’ एवढंच कळलं. ‘काहून वो, सुरकुत्या काढाले गेली होती का?’ त्यानंतर मावशी इंजेक्शनला जाताना कुणाला सांगत नसे. एकच औषध, पण एका नावाखाली ते उपचार आणि दुसऱ्या नावाखाली नखरा. असं का, हे मला शोधायचं होतं.

आधी विष

जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गमध्ये सॉसेज खाऊन माणसं मरत होती. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने (तो कवीही होता) १८२० साली ७६ आणि १८२२ पर्यंत १५५ रुग्णांची नोंद केली. तोंड कोरडं पडतं, पापण्या खाली येतात, स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध हरपत नाही, हे त्याने बारकाईने लिहिलं. स्वतःवरही प्रयोग केले. आणि विशेष म्हणजे, हेच विष अगदी थोड्या मात्रेत दिलं तर अनावर हालचालींच्या आजारात उपयोगी पडेल, असा अंदाजही त्याने मांडला.

म्हणजे कल्पना १८२२ मध्येच हजर होती. पण विष नेमकं काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते चरबीत तयार होतं असं तो समजत होता. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. एमिल व्हान एरमेंगेमने त्या मांसातून जीवाणू वेगळा केला आणि १८९७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. हा जीवाणू हवा नसलेल्या आणि आंबटपणा कमी असलेल्या जागी वाढतो. आपल्या कैरीच्या लोणच्यात त्याची डाळ शिजत नाही, ती आंबटपणा आणि मिठामुळे.

मग मात्रा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कॅम्प डेट्रिकमध्ये या विषावर शस्त्र म्हणून काम झालं आणि १९४६ मध्ये ‘ए’ प्रकारचं विष शुद्ध स्फटिकरूपात मिळालं. १९४९ मध्ये बर्गन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवतं. एडवर्ड शान्ट्झ यांनी हे शुद्ध विष संशोधकांना पुरवलं. त्यातले एक होते सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट. तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. माकडांवरचे निष्कर्ष १९७३ साली आले, माणसांवरचे १९८० साली. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझमसाठी मान्यता मिळाली. माझ्या मावशीचा उपचार इथून येतो. सुरकुत्या अजून चित्रात नाहीत.

औषध मोजायचं एकक वाचून मी दचकले होते: प्रयोगातले निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात ती एक युनिट. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्य मात्रा २० युनिट, पाच जागी चार-चार. मोजमाप सुटलं की काय होतं, ते २००४ मध्ये फ्लोरिडात दिसलं. मान्यता नसलेलं, तीव्र विष टोचल्याने चार जणांना गंभीर पक्षाघात झाला.

‘पहिलं’ कोण?

१९८७ मध्ये व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स ब्लेफरोस्पाझमच्या एका रुग्णाला इंजेक्शन देत होत्या. भुवयांमध्येही द्या, असा रुग्णाचाच आग्रह होता, कारण तिथे दिलं की चेहरा शांत दिसतो. जीन यांचे पती अॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली १८ रुग्णांवरचा लेख प्रसिद्ध केला. पण क्लार्क आणि बेरिस यांनी चेहऱ्याच्या लकव्यामुळे आलेला असमतोल याच इंजेक्शनने कमी केल्याचं १९८९ मध्येच छापलं होतं. मग पहिलं कोण? रूपासाठीचा वापर मोजला तर क्लार्क-बेरिस, आठ्यांवरची मालिका मोजली तर कॅरुथर्स दांपत्य, आणि निरीक्षण मोजलं तर ती रुग्ण. आपण काय मोजतो त्यावर उत्तर बदलतं.

१९२७ मध्ये का नाही?

तेव्हा चेहऱ्यावर इंजेक्शनं नव्हती असं नाही. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेरसुनी यांनी पॅराफिन टोचायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत ते सुरकुत्या भरायला वापरलं जाऊ लागलं. पुढे त्याच्या गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले. पण त्यामागचा विचार बघा: सुरकुती म्हणजे खड्डा, तो बुजवायचा.

मराठीत आपण दोन शब्द वापरतो. सुरकुत्या वयाने पडतात. आठ्या आपण घालतो. आठीमागे आखडणारा स्नायू असतो. १९९२ च्या लेखात नेमक्या या आठ्याच होत्या. प्रश्न कातडीकडून स्नायूकडे सरकायला हवा होता, आणि तो सरकवला डोळ्यांच्या डॉक्टरांनी, कारण त्या आधीपासून चेहऱ्याच्या स्नायूंवर काम करत होत्या. १९२७ मध्ये शुद्ध विष नव्हतं, मात्रा नव्हती आणि दर काही महिन्यांनी भुवयांजवळ सुई घ्यायला परत येणारे रुग्णही नव्हते. या तिन्ही गोष्टी जुळल्यावर ‘योगायोग’ झाला. सौंदर्यासाठीची अमेरिकी मान्यता तर २००२ मध्ये आली.

आता माझ्या प्रकरणात ते वाक्य नाही. तुमच्या आराखड्यात ‘योगायोगाने’, ‘पहिल्यांदा’ किंवा ‘अचानक’ हे शब्द असतील, तर त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विचारा: हे साठ वर्षं आधी का घडलं नाही? बहुतेक वेळा तुमचं खरं प्रकरण तिथेच दडलेलं असतं.

मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, ‘म्हणजे आधी आमचा उपचार होता, नखरा नंतर आला. हे त्या काकूंना पाठव.’ पाठवलं आहे.