१४ मार्च : पहिल्या बोलपटाचा नायक

१९३१ : अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. नायिका झुबेदा आणि नायक मास्टर विठ्ठल. बालपणी रंगभूमीवर उतरलेले विठ्ठल मूकपटांत तलवारबाजी आणि साहसदृश्यांमुळे लोकप्रिय झाले. ‘आलम आरा’साठी त्यांनी शारदा ही चित्रपट कंपनी सोडली, तेव्हा करारभंगाचा दावा झाला. त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि खटला जिंकला. बोलपटात मात्र विठ्ठल यांचे हिंदुस्थानी उच्चार आड आले. पुढे ते मराठी चित्रपटांत दिसत राहिले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.